खळीने जोडलेली मान

बुधवार, ता. ७

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग ऐकतोस. कागदावर निदान माझं सगळं सांगून होईल.

भिंगरीचा चेलो माझ्या हातून पडला. मान तुटून वेगळी झाली.

आता बसून वाच. तुझी भाची रविवारपर्यंत मुलांच्या शिबिरात शिकवायला गेली आहे. बसच्या डिकीत चांगलं वाद्य नको म्हणून तिने वर्गातला जुना चेलो नेला. हा खोलीत स्टँडवर उभा ठेवला आणि माझ्या खोलीत पाऊल टाकू नकोस असं मला बजावून गेली. मी कसली ऐकते? सोमवारी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आत शिरले. त्याची वायर चेलोच्या खालच्या टोकदार दांड्याला अडकली होती, ते मला दिसलं नाही. मी वायर ओढली. कपाटाच्या कडेवर आपटून तो खाली आला, मान एकीकडे, धड दुसरीकडे, आणि मध्ये तारा लोंबत होत्या.

खरी भीती वेगळीच आहे. जायच्या आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. एका शाळेने तिला संगीतशिक्षिकेची कायमची जागा देऊ केली आहे आणि बाईसाहेबांना वाद्यवृंदाची चाचणी द्यायची आहे, ता. ३० ला. एका जागेसाठी शंभर लोक येणार. तिचे बाबा गेल्यापासून मला कायमची नोकरी या दोन शब्दांपलीकडे काही सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. बोलता बोलता मी म्हणून गेले की या खोक्याचे एकदा तुकडे झाले म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर येईल. माझ्या जिभेला हाड नाही. आणि दोनच दिवसांत तुकडे झाले. धाकट्या, ती कसं मानेल की मी मुद्दाम पाडला नाही?

ती यायच्या आत काही करता येईल का, ते उलट टपाली कळव. चिकटवाचिकटवी हा माझाही धंदा आहे. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांच्या फाटक्या पाठी जोडते, तर एक लाकडाची मान जोडता येणार नाही का? रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर माझं मी बघेन.

लोभ आहेच. हे वाचून कमी झाला तर मला कळवू नकोस.

तुझी,
ताई

---

शनिवार, ता. १०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. तुला दोनदा फोन लावला, तू नेहमीप्रमाणे तो ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून आली असणार. म्हणून हातातलं काम टाकून लिहितो आहे.

गोंद लावू नकोस. ताई, कृपा करून कसलाही गोंद लावू नकोस. दुकानात मिळतो तो झटक्यात चिकटणारा तर घरातसुद्धा आणू नकोस. पडलेली वाद्यं माझ्याकडे रोज येतात, त्यांची मला भीती वाटत नाही. घरच्यांनी प्रेमाने चिकटवलेली आली की मी कपाळाला हात लावतो. तो गोंद लाकडाच्या अंगात मुरतो, मग मला करवतीनेच सोडवावं लागतं, आणि करवत फिरली की जुना सांधा पुन्हा तसा बसत नाही.

तू लिहिलं आहेस त्यावरून मला थोडी आशा वाटते. मान जिथून निघाली तिथे दोन्हीकडचं लाकूड गुळगुळीत असेल तर काहीही तुटलेलं नाही, नुसता सांधा सुटला आहे. आम्ही तो सरसाने जोडतो आणि सरस मुद्दाम बेताचाच लावतो, म्हणजे दणका बसला की सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. फाटल्यासारखी कुसळं दिसत असतील तर मात्र काम मोठं.

आता एवढंच कर. जमिनीवर पडलेली प्रत्येक कपची, तांदळाएवढी असली तरी, चिमट्याने उचलून पाकिटात ठेव. सुटलेले भाग पुसू नकोस, जुळतात का म्हणून एकमेकांवर दाबून बघू नकोस. सगळं टॉवेलांत गुंडाळून आडवं ठेव, खिडकीपासून आणि हीटरपासून लांब. आणि तुम्हा दोघींनाही एक सांगून ठेवतो. स्टँड हा वाजवता वाजवता पाणी प्यायला उठायचं झालं तर तेवढ्यापुरता. घर सोडून जाताना वाद्य पेटीत घालायचं, पेटीला कडी लावायची आणि पेटी भिंतीशी आडवी ठेवायची. निम्मी चूक भिंगरीची आहे, हे तिला माझ्या नावाने सांग.

राहिला तुझा खरा प्रश्न. पोरगी घरात पाऊल टाकेल तेव्हा पहिलं वाक्य तेच बोल. उशीर केलास की अवघड होत जाईल.

रागावलो आहे, तरी तुझाच,
धाकटा

---

सोमवार, ता. १२

ती. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र फाडून टाक आणि आईला काही बोलू नकोस. मी चेलो मोडला.

काल दुपारी शिबिराहून आले. आई जरा गप्प गप्प होती. भांडणाचा राग अजून असेल म्हणून मीही विषय काढला नाही. ती बाजारात गेल्यावर खोलीत जाऊन चेलो घेतला. तारा फार सैल पडल्या होत्या. घरात हीटर चालू होता, म्हणून पडल्या असतील असं वाटलं. खुंट्या पिळायला लागले. दुसऱ्या तारेला कर्रकन आवाज झाला आणि मान माझ्या हातात आली. मामा, तू मला लहानपणापासून सांगत आला आहेस की सैल तारा थोड्या थोड्या चढवायच्या, सगळ्यांना आळीपाळीने. मी घाईत होते. सात दिवस सराव नव्हता म्हणून एकदम चढवल्या.

सगळं पेटीत बंद केलं. आईला सांगितलं की चाचणीआधी मामाकडून तपासून आणते. गुरुवारच्या गाडीने येते. तिला खरं कळलं तर ती ओरडणार नाही, नुसती बघेल, आणि ते मला सोसवणार नाही. तिचंच खरं ठरलं ना शेवटी.

माझ्यासाठी जमिनीवर गादी टाकून ठेव. माया असू दे, मी ती लायकीने मिळवलेली नसली तरी.

तुझी,
भिंगरी

---

मंगळवार, ता. १३

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज पोचलं. वरातीमागून घोडं. रविवारी सकाळीच मी जोडून बसले होते. तू जे करू नकोस म्हणालास त्यातलं मी बहुतेक सगळं केलं आहे. तारांखालची लाकडी घोडीसुद्धा अंदाजाने उभी केली, तारा लावल्या, आणि ती आली तेव्हा चेलो होता तसा स्टँडवर उभा होता.

पहिलं वाक्य बोलायचं तेही राहिलं. दारात तिचा दमलेला चेहरा पाहिला आणि धीर सुटला. पण सांधा धरलेला दिसतो, कारण ती काहीच बोलली नाही. आता तुझ्याकडे तपासायला आणते म्हणते. पेटी मी उचलू का विचारलं तर म्हणाली, नको, मीच नेईन.

तू उघडशील आणि तुला सगळं दिसेल. एकच मागते. तिला सांग की हवा कोरडी होती, म्हणून सांधा सुटला. तुझ्या शब्दावर ती डोळे मिटून विश्वास ठेवते. माझ्यावर या घडीला ठेवणार नाही.

एवढं कर, पुढच्या सगळ्या वाढदिवसांची भेट यातच आली असं समजेन.

तुझी,
ताई

---

शुक्रवार, ता. १६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चेलो वाचला. हे आधी लिहितो, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस.

काल भिंगरी आली. तिला जेवायला बसवलं आणि मी एकटाच पेटी उघडायला गेलो. मनात करवतीची तयारी ठेवली होती. पाहतो तर सांध्यात पांढरट, सुकलेला थर. एका कोपऱ्याला ओला कापूस टेकवला, तर लगेच मऊ पडला. ताई, तू खळ लावलीस. पुस्तकांना लावतेस तीच पिठाची खळ. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि एकटाच हसत सुटलो. चेलोच्या तारांचा ताण खळीला कुठला झेपायला? पण लाकडाला तिने ओरखडाही काढलेला नाही. गरम पाण्याने धुऊन निघेल, चार दिवस सुकू देईन, मग सरसाने जोडेन. ता. ३० ला वाजेल. नखाएवढी एक कपची निघाली आहे, तीही तू जागच्या जागी बसवली आहेस. हात चांगला आहे तुझा.

आता वाईट बातमी. तो सांधा धरलेला नव्हता. रविवारीच तारा चढवताना मान भिंगरीच्या हातात आली. पोरीला वाटतं आहे की तिनेच मोडला. तुझ्यापासून लपवून इकडे आली आहे. तू मला तिच्यापासून लपवायला सांगतेस, ती मला तुझ्यापासून, आणि मी मध्ये बसून दोघींची पत्रं वेगवेगळ्या खणांत ठेवतो आहे.

हे एवढंच असतं तर मी गंमत पाहिली असती. पण चेलो नीट होतोय हे सांगितल्यावरही तिचा चेहरा खुलला नाही. म्हणते, चाचणीच्या तोंडावर जिला साध्या तारा चढवता येत नाहीत तिने वाद्यवृंदात कशाला जायचं. तिने शाळेला होकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. मंगळवारी टाकणार आहे.

म्हणजे तू नुसती गप्प राहिलीस तरी तुला हवं होतं ते होईल. कोरडी हवा वगैरे मी सांगणार नाही. खरंही सांगणार नाही, ते तू सांगायचं आहेस. हे पत्र आणि तुझं उत्तर दोन्ही जलद टपालाने जायला हवं, म्हणून या पाकिटावर तिकिटं जास्त लावली आहेत, तूही लाव.

वाट पाहतो.

तुझा,
धाकटा

---

शनिवार, ता. १७, संध्याकाळी

चि. भिंगरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

चेलो तू मोडला नाहीस. मी मोडला. तू शिबिरात असताना, सोमवारी, वायर अडकून. रविवारी तुझ्या हातात आली ती मी चिकटवलेली मान होती. तुझ्या हाताने काहीही चुकलेलं नाही. शाळेला पत्र टाकू नकोस.

भांडणात मी काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. म्हणूनच गप्प राहिले. तुला वाटेल आईने बोलून दाखवलं आणि करूनही दाखवलं. मी मुद्दाम पाडला नाही. याला माझ्याकडे साक्षीदार नाही, खोलीत मी एकटीच होते. तुझा विश्वास बसला नाही तर तो माझ्याच बोलण्याचा दोष, तुझा नाही.

तू शाळेला होकार लिहून ठेवला आहेस, हे मामाच्या पत्रातून आज कळलं. तू शाळेत जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही, तेही लिहूनच टाकते. मग डोळ्यांपुढे आलं की तू रोज सकाळी डबा घेऊन निघते आहेस आणि स्वतःला मोडतोड करणारी समजते आहेस. अशी कायमची नोकरी मला नको.

दुकानात मी तो घट्ट गोंद हातात घेतला होता. परत ठेवला. ग्रंथालयातल्या आमच्या दुरुस्तीच्या खोलीत नियम आहे की उद्या दुसऱ्या कुणाला उकलता येणार नाही असं काही जोडायचं नाही. आणि जे मला नीट कळत नाही ते कायमचं चिकटवून टाकायचा मला काय अधिकार? हे वाक्य मी चेलोबद्दल लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर वाटलं, तुलाही ते सांगायला हवं होतं, फार आधी.

काय वाटेल ते लिही, पण लिही.

तुझी,
आई

---

गुरुवार, ता. २२

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण आज मान जोडून झाली आणि वाजवून पाहिल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं. वाजतो, आई. खालची तार तर पूर्वीपेक्षा मोकळी वाटते. मामा म्हणतो हा माझा भास आहे.

आता मी सांगते ते तुला ठाऊक नाही. शनिवारी मामा सांध्यावर गरम पाण्याचा बोळा धरून बसला होता आणि मी दिवा धरून उभी होते. वाफेबरोबर वास आला. तू कामावरून घरी येतेस तेव्हा तुझ्या हातांना येतो तोच. मी मामाकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला सगळं कळलं.

खोटं कशाला बोलू, एक रात्र मला वाटलं की तू मुद्दाम पाडलास. गादीवर पडून तुझे शब्द आठवत राहिले. मग पहाटे वाटलं, की ज्याला मोडायचं असतं तो नंतर खळ कालवत बसत नाही. आणि तू ती अशी लावली होतीस की मान सुटली तरी लाकडाला काही होऊ नये. मामाला सांगितलं तर म्हणाला, हे कळायला तुला रात्रभर लागली? मी काय समजून बसले होते ते तुला कळवल्याचंही त्याने तेव्हाच सांगितलं.

तेव्हा पाडण्याबद्दल माझा राग रविवारीच गेला होता. पण होकाराचं पत्र मी तरीही पिशवीत ठेवलं होतं. तुला सगळं माहीत असून तू मला मीच मोडला असं समजू देशील का, एवढंच मला बघायचं होतं. तू गप्प राहिली असतीस तर मी मंगळवारी ते पत्र टाकलं असतं, शाळा आवडते म्हणून नाही, तुझ्यावरच्या रागाने. सोमवारी पोस्टमन आला तेव्हा मी जिन्यातच उभी होते.

शाळेला नकार कळवला आहे. रागावू नकोस, किंवा रागाव, पण तोंडावर.

मी रविवारी येते. चेलो पेटीत, पेटी आडवी. मामाने मला कडी लावून दाखवायला लावलं, पाच वर्षांच्या मुलीला लावावं तसं. चाचणीला पडद्यामागे बसून वाजवायचं असतं, म्हणजे परीक्षकांना वाजवणारा दिसत नाही. पण बाहेर बाक आहे आणि तिथे घरचं एक माणूस बसलेलं चालतं. बाकी सगळ्यांची येतात. मी आजवर तुला कुठेच नेलं नाही, तू ऐकत असलीस की मी चुकते असं सांगून. ते मी तुला टाळण्यासाठी सांगत होते. ता. ३० ला सुट्टी काढ आणि माझ्याबरोबर ये. निवड झाली नाही तर परत येताना सोबत कुणीतरी हवं, आणि झाली तर आधी तुलाच सांगायचं आहे.

तुझीच,
भिंगरी