तुझा दोरा मी कापला

प्रिय सुडलैमणी,

मामांकडे पोहोचलास, हे अम्माच्या फोनवरच्या कुजबुजीतून कळलं. जेवतोयस ना? माझा फोन तू उचलत नाहीस. मी भात वाढून घेते आणि तसाच झाकून ठेवते.

आठवडाभर बंद असलेली शाळा काल उघडली. तुमच्या बारावीत निम्मी बाकं रिकामी. आली ती मुलंही जातीप्रमाणे दोन बाजूंना बसली. मनगटं मात्र सगळ्यांची मोकळी! जातीच्या रंगाचे दोरे बांधून यायचं नाही, म्हणत मीच कात्री घेऊन वर्गावर्गात फिरले होते ना. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. वाटलं, दोरा तुटला की जात तुटते. फक्त तुझा ठेवला. अम्माने कुलदेवाच्या जत्रेत बांधला होता, म्हणून.

तेव्हा इरुळप्पन उठला. "टीचर, तुमच्या घरचा तो देवाचा दोरा, आणि आमचा तेवढा जातीचा होय?" त्याचं खरं होतं. मी शरमले, तुला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत तुझा दोरा कापला. मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे, जातीच्या सिंहा, अक्कानेच आयाळ भादरली!" वर्ग हसला. तुझे कान लाल झालेले मी पाहिले आणि फळ्याकडे वळले. आधी घरी, तुझ्याशी बोलायला हवं होतं. ती चूक माझी.

पण त्याच संध्याकाळी तळ्याच्या बांधावर इरुळप्पनवर कोयता चालला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळात त्याच्या आईने मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "टीचरम्मा, परीक्षेला लेखनिक मिळतो का हो?" मला तिच्याकडे बघवेना.

अम्माने पोलिसांना सांगितलंय, मणी तेव्हा घरी जेवत होता. सोमवारी माझा जबाब आहे. "विड्या वळून तुला शिकवलं ते याचसाठी? एकुलता भाऊ आहे तुझा," असं ती दिवसभर म्हणते. मी नुसती आत-बाहेर करते.

उद्या ती तुझे कपडे घेऊन येईल, त्यांच्या घडीत हे पत्र असेल. तिला ठाऊक नाही. मणी, मी खोट्या जबाबावर सही करणार नाही. तू त्या संध्याकाळी उशिरा आलास आणि न्हाणीत शर्ट धुतलास, हे मी सांगणार आहे. पण माझ्या तोंडून येण्याआधी ते तुझ्या तोंडून यावं, म्हणून हे लिहिलं. सोमवारी दहाला मी पोलीस ठाण्याच्या फाटकाशी थांबेन. आलास तर तुझा हात धरून आत येईन. अकरानंतर एकटी जाईन.

तुझीच,
पेच्ची अक्का