दार वाजवणारा पाइप

मु. ताडकळस

पाथरी मुक्कामी श्री. परमेश्वरराव यांस तुमच्या बन्सीधर दाजीचा नमस्कार. तुमच्या कंबरेतली उसण उतरली असेल आणि सोयाबीन कोरडं घरात आलं असेल, असं धरून पुढचं लिहितो.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरचा कूलर, न्हाणीचं दार, देव्हारा, गच्चीवरच्या टाकीचं लोखंडी स्टँड (एका सुताचा फरक नाही, लेव्हल लावून बघा) आणि दारावरची बेल, एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातानं केल्या. आयटीआयची पायरी कधी चढलो नाही. यंदा त्यात भर पडली ती घरभर नव्या पाइपलाइनची, प्रेशर पंपासकट. आधी करंगळीएवढी धार पडायची. आता अठरा लिटरची बादली बावन्न सेकंदांत भरते. घड्याळ लावून मोजलंय.

एकच बारीक गोष्ट राहिली. नळ बंद केला की पाइप ठोकतो. ठक, ठक, ठक. धावतं पाणी एकदम अडलं की धडक देतं आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो. शास्त्र सोपं आहे. पहिले आठ दिवस आवाज स्वयंपाकघरात होता. तिथं मी जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबल्या (तुमच्या भगिनी सुमनबाई म्हणतात, गोधडी जुनी नव्हती), तर तो न्हाणीत गेला. न्हाणीत सिमेंट भरलं, तर बैठकीत आला. मग मी विचार केला, घरात सगळ्यांत पक्की वस्तू कोणती? दाराची सागवानी चौकट. चार क्लँप मारून पाइप चौकटीलाच आवळला. आता तो तसूभर हलत नाही. फक्त ठोका चौकटीतून निघतो, म्हणजे नळ बंद केला की कुणी दार वाजवल्यासारखं वाटतं. सुमनबाई दोन दिवस दूधवाला समजून पातेलं घेऊन धावल्या, मग सवय झाली. आता दार वाजलं तर आमच्याकडं कुणी मान वर करत नाही. (बेल म्हणाल, तर तिची तार पंपाला खर्ची पडली.)

रविवारी तुम्ही सुचवलेलं पिंगळीचं स्थळ आमच्या राजनंदिनीला पाहायला येणार होतं. वेळ अकराची. भगवानराव मुलाला घेऊन सव्वादहालाच जीपमधून उतरले. (फोन करायला त्यांचा मान आडवा आला असेल.) आत भांडी विसळणं चाललेलं, नळ सारखा चालू-बंद. त्यांनी दार वाजवलं, तेही मोजून तीनदा, यात दोष त्यांचाच. मी आतून म्हणालो, "उठू नका, तेच हाय." त्यांनी परत वाजवलं. सुमनबाई ओरडल्या, "रोजचंच हाय मेल्याचं! बडवू द्या, थकलं की गप बसंल." आणि आपली राजनंदिनी, जी मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "पप्पा, एकदाचं कापूनच टाका ना त्याला." जीप परत फिरल्याचा आवाज मात्र आम्ही सगळ्यांनी स्पष्ट ऐकला.

पोरीला मुलगा फोटोत पसंत होता. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही आणि सुमनबाईंनी माहेरची पिशवी भरून खुंटीला टांगली आहे. तेव्हा तुम्ही पिंगळीला जाऊन भगवानरावांना एवढंच पटवा, की त्यांच्याशी आमची बोलणी अजून झालेलीच नाहीत. त्यांनी ऐकली ती पाइपाशी चाललेली बोलणी होती.

तुमचे दाजी,
बन्सीधर

ता.क. – मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तुमच्याच घरी ठेवावा. तुमचे नळ गळके आहेत, पण गप आहेत.

ता.क. दुसरे – हे तुमच्या भगिनींना वाचून दाखवू नका. मंगळवारी खुद्द भगवानरावांचा मला फोन आला होता. एसटी स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं त्यांना पाइपाचा सगळा किस्सा सांगितला म्हणे. लय हसत होते. म्हणाले, "आमचा भाचा नागनाथ प्लंबर हाय, त्याला धाडतो. पाइप गप झाला की आमी येतो. मजुरी आमची." होणाऱ्या व्याह्याच्या पैशानं माझ्या घरात पाणी वाहणार? मी साफ नाही म्हणालो. वर हेही म्हणालो, की माझ्या पाइपात दोष नाही, तुमच्या ठोकण्यात आहे. त्यावर पलीकडून फोन ठेवला गेला. मजुरी साडेतीनशे रुपये होती, क्लँपचं रबर धरून.