मातीच्या बाईला वाहिलेले पीठपाणी

अक्रा, रविवार

तीर्थरूप आईस लामिसीचा गुडघे टेकून नमस्कार.

मी सुखरूप आहे, वेळेवर जेवते. तुझा ताप उतरला का? दादाने खरे तेच कळवावे, आणि हे पत्र वाचून दाखवताना मधले काही गाळू नये.

आपल्या गावच्या टेकाडातून निघालेली मातीची एक बाई संग्रहालयात माझ्याकडे स्वच्छतेसाठी सोपवली होती. तिच्या डोक्यातले भोक थेट पोटापर्यंत जाते. शेकडो वर्षांपूर्वी त्यातून औषध ओतत की नैवेद्य, हे आतल्या मातीच्या तपासणीतून कदाचित कळले असते.

मंगळवारी तुझ्या आजाराचा निरोप आला. घरात कोणी आजारी पडले की बाबा पूर्वजांना बाजरीचे पीठपाणी वाहतात. मुलीने ते करायचे नसते, हे मी जाणते. तरीही तू बांधून दिलेले पीठ कालवून मी त्या भोकात ओतले.

मग मीच आमच्या विभागप्रमुख अडोले बाईंना जाऊन सांगितले. शेजारच्या टेबलावरचा बोआतेंग म्हणाला, "झालं. आता तपासणीत हिच्याच घरची बाजरी निघणार."

बाई हसल्या नाहीत. "लामिसी, जे कळणार होतं ते आता कुणालाच कळायचं नाही," एवढेच म्हणाल्या. माझी मान वर होईना.

थोड्या वेळाने त्यांनी नोंदवही उघडली. 'उपयोग' या रकान्यात प्रत्येक मूर्तीपुढे प्रश्नचिन्ह आहे. हिच्यापुढे त्यांनी लिहिले, 'आई आजारी असताना लेकीने पीठपाणी वाहिले.' त्याखाली त्या दिवसाची तारीख घालून त्यांनी माझी सही घेतली.

बाबा रागावतील, रागावू देत. तू मात्र बरी हो.

तुझी लेक,
लामिसी