‘फितूर’चा तर्जुमा

जुना जालना, फाल्गुन वद्य पंचमी, १९४८

आज कचेरीत केदारखेड्याच्या पाटलाने त्याच्या शेजाऱ्याला पुढे ढकलून सांगितलं, "हा सरकाराच्या इरुद्ध फितूर हाये." साहेबांना मराठी येत नाही, उर्दूत तर्जुमा मी करतो. गद्दार म्हटलं असतं तर तो तुरुंगात गेला असता. मी फितूरचा मूळ अरबी शब्दच पुढे केला: याच्या डोक्यात फुतूर आहे. अरबीत ढिलेपणा, उर्दूत वेड. साहेबांनी त्याला हसून सोडला. साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या पेशकाराला मात्र मराठी, उर्दू दोन्ही येतात. तो गप्प का राहिला? उद्या त्याच्याच शेजारी बसायचंय.

बाहेर त्या सुटलेल्या माणसाने मला अडवलं. "मला येडं ठरवलं व्हय? मंग माझ्या पोरीला कोण करून घेईल?"

शिपाई ऐकत होते. "येडाच हायेस तू," मी म्हणालो.