लोहाऱ्याच्या घरातली धुंड

यवतमाळ
१९ फेब्रुवारी २०२६

प्रिय वर्षाबाई,

जय सेवालाल. तुला आणि भाऊजींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद. आम्ही तिघंही बरे आहोत. नानक्या आता बसायला लागला आहे, पण दोन्ही बाजूंना उशी लागते.

त्याची धुंड इथं आमच्या लोहाऱ्याच्या घरी होणार, हे काल पक्कं झालं. बापू गेल्या आठवड्यातच तसं म्हणाले होते, पण ते उत्साहात काहीही ठरवतात म्हणून मी हसून सोडून दिलं. काल संध्याकाळी मात्र नायक उत्तमसिंगकाकांनी स्वतः फोन करून सांगितलं. तांड्याची बैठक झाली, धुळवडीला दोन पिकअप भरून माणसं येणार. मी म्हटलं, काका, बाळाच्या पहिल्या होळीची धुंड तांड्यातच करायची रीत आहे ना? तर म्हणाले, "रीत आमीच केली, आमीच थोडी वाकवू. आपल्या तांड्याचं यवतमाळात घर झालं, तं लोकायले पाहू दे ना. फक्त तुझ्या त्या गुळगुळीत फरशीत खुंटा कुठी ठोकाचा ते सांग. एखांदी फरशी काढून ठेवजो."

मागून बापूंचा आवाज येत होता. "त्याले म्हणा, तू नुसता चहा ठेव. बाकी तांडा पाहीन."

म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि भाऊजी, तुझ्या सासूबाई, शेजारची काकू असे सगळे मिळून माझी चौकशी करतात. माझ्या शिफ्टमधला सेवादास उद्या संध्याकाळी दिग्रसला घरी जातो आहे. तो हे तुझ्या हातात देईल. एकटी असताना वाच.

बापू तुझं ऐकतात. त्यांना सांग की धुंड तांड्यातच करू. विचारतील तर कारणं अशी सांग. आमच्या लेआउटमधली माणसं डफाच्या आवाजाला कुरकुर करतात. पाणी रोज येत नाही, एवढ्या माणसांना पुरणार नाही. अंगणात सगळीकडं फरशी आहे, गेर खेळणारे गेरिये खुंटा उपटायला धावले आणि बाया काठ्या घेऊन त्यांच्या मागं लागल्या तर कुणाचा तरी पाय घसरेल. आणि म्हाताऱ्या माणसांना पिकअपमध्ये इतक्या लांब आणणं बरं नाही.

वर लिहिलेलं परत वाचलं. यातलं काही खोटं नाही, पण एवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही.

बाई, त्या घरात आम्ही राहत नाही. नानक्या व्हायच्या आधीच, मागच्या जूनमध्ये, ते भाड्यानं दिलं. आम्ही एका खोलीत राहतो, वरती टिन आहे, नळ चार घरांत एक आहे. लोहाऱ्यातच आहे, म्हणून 'लोहाऱ्याला राहतो' असं म्हणताना माझी जीभ अडखळत नव्हती.

घर घेतलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला होता, दिवाळीपर्यंत तुला कंपनीच्या खात्यावर घेतो. त्या शब्दावर, आणि माझ्या-बबिताच्या दोन पगारांवर, आम्ही कर्ज काढलं. नंतर दिवाळ्या येत गेल्या, मी अजून कंत्राटदाराचाच माणूस आहे. काम कमी असलं की आधी आम्हांलाच घरी बसवतात. बबिताचं पॅकिंगचं काम सातव्या महिन्यात सुटलं. पुढं सिझर झालं. दूध, तेल, गॅस, गाडीचं पेट्रोल हे तुझ्याही घरी आहेच, त्याचं रडगाणं कशाला गाऊ. पण घराचा हप्ता कुणाचं बाळंतपण पाहून थांबत नाही. घर जाऊ द्यायचं नसेल तर त्यात दुसऱ्यानं राहायचं आणि आपण बाहेर राहायचं, एवढाच मार्ग होता. त्यांचं भाडं हप्त्यात जातं.

तू म्हणशील, यात लाजायचं काय? पुष्कळ लोक असंच करतात. मीही मनाला तेच सांगत होतो. दिवाळी झाली नसती तर कदाचित आजही तेच सांगितलं असतं.

दिवाळीत बापू आणि याडी नातू पाहायला आले, आठवतं? तुझी कापसाची वेचणी चालू होती म्हणून तू आली नाहीस. मागून बापूंनी तुला फोनवर सोफ्याचं, फ्रिजचं, पंख्याच्या गार वाऱ्याचं सांगितलं असेल. तो सोफा आमचा नव्हता. भाडेकरू कपिलभाऊ आणि सुरभीवहिनी दिवाळीला मारेगावला गेले होते. कुंड्यांना पाणी घालायला चावी माझ्याकडं देऊन गेले होते.

मी त्यांच्या लग्नाचा फोटो काढून कपाटावर उलटा ठेवला आणि तिथं आमचा लावला. आमची दोन पातेली त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. बबिता म्हणाली, खोलीवरच आणा ना त्यायले, कायले हे सोंग? मी तिच्यावर ओरडलो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, परक्या स्वयंपाकघरात मान खाली घालून भाकरी करत राहिली.

बापू आधी सोफ्यावर बसतच नव्हते. धोतर मळकं आहे म्हणाले, खाली बसतो. मी त्यांना हाताला धरून बसवलं. थोड्या वेळानं ते पाय वर घेऊन बसले. मग उठून त्यांनी फ्रिज उघडला आणि आत हात धरून उभे राहिले, लहान पोरगं राहतं तसे. सोफा कितीले पडला, म्हणून विचारलं. मी किंमत सांगितली. जरा थांबून, आठवल्यासारखं करून सांगितली.

त्या किमतीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीचं मी अडचणीत केलं असं म्हणता येईल. किंमत कुणी सांगायला लावली नव्हती. "परवडलं का रे?" एवढंच त्यांनी पुढं विचारलं, आणि मी हो म्हटलं. बापूंनी जाऊन तांड्यात सांगितलं ते हेच. त्यांनी पाहिलेल्या घरातच त्यांना धुंड हवी आहे.

दिवाळीनंतर सुरभीवहिनींनी कुलूप बदललं. का, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. आज सुट्टी होती म्हणून सकाळी कपिलभाऊंकडं गेलो होतो, धुळवडीला एक दिवस घर मिळेल का विचारायला. बापूंनी स्वतः कोरून आणलेली, याडीच्या नावाची 'मानीबाई निवास' ही पाटी फाटकावर आहे, तिच्याखाली मी उभा होतो. ते चिडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची आणली, चहा सांगितला.

"शामभाऊ, घर तुमचं आहे," ते म्हणाले, "पण सामान आमचं आहे. दिवाळीत मागितलं असतं तर मी दिलं असतं. आमच्या मिसेसला आता त्या गादीवर झोपायला बरं वाटत नाही."

चहा तसाच ठेवून आलो.

आणखी एक लिहायला हवं. भाऊजी आमच्या लेआउटमध्ये प्लॉट पाहायला येणार आहेत, असं बापू म्हणाले. घ्यायचा तर जरूर घ्यावा, पण शामला जमलं म्हणून घेऊ नये. शामला जमलेलं नाही. त्यांना ही खोली दाखवायची तयारी आहे.

माझ्याच्यानं बापूंसमोर हे बोलवणार नाही. तूच सांग त्यांना. जसं सुचेल तसं सांग.

२० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. अजून पाकीट बंद केलेलं नाही.

सकाळी याडीचा फोन आला. बापू शेतात गेले होते. तिनं आधी नानक्याचं विचारलं, मग बबिताच्या टाक्यांचं. मग म्हणाली, "शाम, त्या घरात कोन राह्यते?"

उत्तराची वाट न पाहता म्हणाली, बबितानं मिठासाठी तीन डबे उघडले होते, तवाच मले समजलं. सुनंले आपलं मीठ सापडत नाही, असं कधी होते काय? त्या घरच्या बाईला त्रास नको म्हणून याडीनंच निघताना सगळे कप धुऊन होते तसे लावून ठेवले होते. आणि मी समजत होतो, तिला आवराआवरीची सवय म्हणून.

"मंग तवाच काहून नाही बोलली?" मी विचारलं.

"तुझा बाप खुश होता," ती म्हणाली. "बसमंदी उलट्या करते तो, त्या दिशी कंडक्टरले तुझं घर सांगत बसला. मी कोन्या तोंडानं बोलू?"

मी म्हटलं, आता तू सांग त्यांना. वर्षाबाईलाही तेच लिहिलं आहे. त्यावर ती चिडली. फार वर्षांनी तिचा असा आवाज ऐकला.

"पोरीच्या गळ्यात कायले बांधतं हे? खोटं सांगतानी बापाले हाताले धरून बसोलं होतं ना? तसंच हाताले धर आन् आपल्या खोलीवर ने. आन् त्याच्या आंधी रडजो नोको. तू रडला का तो विचारनच नाही, तुलेच समजावत बसन."

म्हणून वर लिहिलेली माझी विनंती मागं घेतो. ते पान फाडणार होतो, पण मी तुझ्याकडं काय मागत होतो हे तुला कळू दे. बापूंना काही सांगू नकोस. त्यांचा फोन आला तर नुसतं ऐकून घे.

रविवारी सकाळच्या महागाव गाडीनं ते येत आहेत, खुंट्याची जागा पाहायला. मी स्टँडवर असेन. तिथून त्यांना आमच्या खोलीवर नेणार आहे, घराच्या रस्त्यानं नाही. बबिताला सांगितलं आहे. ती म्हणाली, खाट उन्हात टाकते, बापूंना खाली बसू देणार नाही. जेवतील की तसेच परत फिरतील, सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत उत्तमसिंगकाकांना कळेल आणि सोमवारी सगळ्या तांड्याला. धुंड कुठं करायची ते बापू ठरवतील, आणि करायला माझ्याकडं यायचं की नाही, तेही.

आजपर्यंत तुला घराचाच पत्ता देत आलो. राखीचं पाकीट कपिलभाऊंनी आणून दिलं होतं. पुढं काही पाठवायचं झालं, आणि तुला पाठवावंसं वाटलं, तर खालच्या पत्त्यावर पाठव.

तुझा भाऊ,
शाम रूपसिंग राठोड
मारोतराव यांच्या घरामागची खोली,
पाण्याच्या टाकीजवळ, लोहारा, यवतमाळ