शिक्का मारलेलं मांस

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. चिमणीला पुन्हा फिटचा झटका आला, तोही शाळेच्या जिन्यात, हे वाचून मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कामाला लागलो. माझं तुला ठाऊकच आहे, वाईट बातमी आली की मी आधी हातातलं काम संपवतो.

काम तेच, मांस तपासनीसाचं. कत्तलखान्यात डुकराची जीभ ओढून बाहेर काढायची आणि खालून बोटांनी चाचपायची. वाटाण्याहून लहान, पाणीदार गाठी लागल्या की अख्खं जनावर बाद. मालक शिव्यांची लाखोली वाहतात, मी ऐकून घेतो. पाळी संपली की मुकादम निखाऱ्यांवर तुकडे टाकतो, बाहेरून करपलेले, आतून गुलाबी. ज्यावर माझा शिक्का तेच भाजायचं आणि पहिला तुकडा मला द्यायचा, असा तिथला रिवाज. आता आपल्याच शिक्क्यावर अविश्वास कोण दाखवणार? गाठी थोड्या असल्या तर हाताला लागत नाहीत, हे परीक्षेला मीच घोकलं होतं. तरी बारा वर्षं मिटक्या मारत खाल्लं.

महिन्यापूर्वी आरोग्य खात्याची एक डॉक्टरीण आली. बाई फटकळ. म्हणाली, नीट न भाजलेल्या मांसातल्या त्या गाठींतून जंत तुमच्या पोटात जातो आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्याची अंडी तुमच्या न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातात, त्याच्या मेंदूत गाठी होतात आणि त्याला फिट येतात. आजारी मुलांना औषध द्याच, पण पुढच्या मुलाला फिट येऊच नये असं वाटत असेल तर डुकरं बांधून ठेवा, संडास वापरा, मांस शिजवून खा आणि स्वतःला तपासून घ्या. मग तिने आम्हा सगळ्यांना शौचाच्या नमुन्यासाठी डब्या वाटल्या. कसाई खिदळत होते. मीही हसलो.

चिमणीचे डॉक्टरही हेच म्हणाले होते, घरात वावरणाऱ्या कुणाच्या तरी पोटात जंत असणार. तू त्याच दिवशी स्वयंपाकाच्या मावशींना काढून टाकलंस, तपासणीचीही वाट पाहिली नाहीस. गल्लीत बोभाटा झाला, आता त्यांना कुणी दारात उभं करत नाही. फोनवर मी तुला म्हणालो होतो, बरं केलंस.

गेल्या वर्षी तुमच्या गावी तात्पुरती बदली झाली तेव्हा मी सात महिने तुझ्याकडे राहिलो. चिमणी फळ खायची ती फक्त मामाने सोलून भरवलं तरच. हात धुवायचा मला लहानपणापासून कंटाळा, आई त्यावरून किती ओरडायची.

चार दिवसांपूर्वी माझा अहवाल आला. जंत माझ्या पोटात आहे. डॉक्टरीण म्हणते, चिमणीला तुमच्याचमुळे झालं असं खात्रीने सांगता येणार नाही. मला सांगता येतं. मी गोळी घेतली आहे. तुम्ही तिघंही तपासून घ्या. आणि मावशींकडे स्वतः जा, हे पत्र त्यांना वाचून दाखव, गल्लीतल्या चार जणींसमोर दाखव. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. फोन केला असता तर तू मध्येच ‘जाऊ दे रे’ म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं. मला फार लाज वाटते, ताई. चिमणीला तू काही सांगू नकोस. तिला मीच येऊन सांगेन, तू दार उघडलंस तर.

तुझाच,
धाकटा