बोंड्याचा अकोल्यातला मुक्काम

राजापेठ, अमरावती
७ जानेवारी २०२४

ति. बाबांस,
मायाचा सविनय जय भीम. वि. वि.

आईकडून तुमची खुशाली कळते. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर दिसत नाही, म्हणून हे पत्र. तीस वर्षं एसटी चालवून कान गेले, हट्ट मात्र शाबूत आहे, असं आई म्हणते.

बाबा, दोन वर्षं झाली, तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला आला नाहीत. आलात तरी चहा पिऊन दुपारच्या गाडीनं परत. अनुपवर अजून राग आहे का? ते क्लासमध्ये गणित शिकवतात, नोकरी सरकारी नाही, हे लग्नाच्या वेळीच तुम्हाला ठाऊक होतं. राग असेल तर लिहा, पण असं चहावर पळू नका.

इकडे एक वेगळीच काळजी आहे. अनुपनी क्लासमागून उचलून आणलेलं पिल्लू तुम्ही पाहिलं होतं, पांढरं, कापसाच्या बोंडासारखं. तो बोंड्या आता सव्वा वर्षाचा झाला. धावतो, खेळतो, जेवतो. पण बसेल तिथे ओलं करतो. गोधडी, पायपुसणं, सोफ्याची कड, काही सोडलं नाही. मी त्याला रागावले, दोनदा झाडूही उगारला, बाल्कनीत बांधून ठेवला. खालच्या मजल्यावर घरमालक किसनराव राहतात. जिन्यात वास येतो, महिनाअखेरपर्यंत कुत्र्याची सोय बघा, असं ते सांगून गेले.

गेल्या रविवारी दुपारी अनुप त्याच्याशेजारी फरशीवर आडवे झाले आणि नुसते बघत राहिले. बोंड्या गाढ झोपला होता आणि त्याच्याखाली ओल पसरत गेली. जाग आल्यावर त्यानं ती हुंगली, मान खाली घातली आणि आपणच उठून बाल्कनीत जाऊन बसला. अनुप मला म्हणाले की त्याला कळतच नाही गं, झोपेत जातं, आणि आपण त्याला शिक्षा करतोय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आईला नमस्कार. तुमच्या मायेची वाट पाहणारी,
माया

अकोला
१६ जानेवारी २०२४

चि. सौ. माया हिस,
बाबाचा जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. माहा राग कोनावर नाही. गुडघे धरतात, थंडी हाये, म्हनून येनं होत नाही. तुह्या आईले पाठवतो.

कुत्र्याचं मनशील तर त्याले तेल्हाऱ्याले नत्थुजीच्या वावरात सोडून द्या. माह्यासंगं डेपोत होते थे नत्थुजी. रातच्या जागलीले कुत्रं पाहिजेच हाये त्यायले. वावरात ओलं झालं तं कोनाले काय? माडीवरच्या घरात असं जनावर ठेवनं बरं नाही. लोकं नावं ठेवतात.

एक इचारतो, खरं सांगजो. बोंड्याले ओलं पाहून अनुपरावनं तोंड वाकडं केलं काय? अन् किसनरावले काय सांगतलं? चार लोकायसमोर सांगतलं का एकट्याले?

गुडघ्याले तेल लावून राहिलो. काळजी करू नोको. जीव लावते तसाच लावत जा.
तुहा बाबा, धर्मपाल

राजापेठ, अमरावती
४ फेब्रुवारी २०२४

ति. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

गुडघ्याच्या चौकशीऐवजी मला बोंड्याच्या ओलीवर तुमचे प्रश्न जास्त दिसले, तेव्हा आधी त्यांची उत्तरं देते. अनुपनी तोंड वाकडं केलं नाही. किसनरावांना भेटायला ते एकटे गेले. कुत्र्याची खोड नसून आजार आहे, जिना रोज दोन वेळा मी स्वतः फिनाईलनं धुईन, महिनाभरानंतरही वास आला तर घर आम्हीच सोडू, पण कुत्रा सोडणार नाही, असं सांगून आले. घर सोडायचं मला न विचारता ठरवलं म्हणून मी भांडले. भांडताना आतून बरंही वाटत होतं, हे त्यांना कळू देऊ नका.

तेव्हापासून क्लासला जाण्याआधी आणि आल्यावर हे जिना धुतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. क्लासची मुलं येताजाता बघतात, सर काय करताय विचारतात. ते सांगतात, आमच्या बोंड्याची तब्येत बरी नाही.

मी ब्लाउजांच्या शिलाईतून वेळ काढून जुन्या सुती साडीचे पट्टे शिवले, कमरेला गुंडाळायचे, आत घडी ठेवायची जागा आणि चिकटपट्टी. पहिला फार आवळ होता, दुसरा गळून पडला, तिसरा बसला. गोधडीखाली रेक्झिन असतं. घडी ओली झाली की लगेच बदलायची, कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, नाहीतर कातडीला चट्टे पडतात. मी म्हटलं होतं, पाणीच कमी पाजू या. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली, उलट अपाय होतो म्हणाले.

लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडाकडून येणारी एक नळी मूत्राशयात उघडायला हवी, ती जन्मापासूनच पुढे भलत्या जागी उघडते आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि ते करणारे डॉक्टर अकोल्यात आहेत. गुण येईलच असं सांगता येत नाही, भूल देण्यात धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. तरी करायचं ठरलं.

तेव्हा बाबा, अनुप आणि बोंड्या दहा-बारा दिवस तुमच्याकडे राहतील. माझे लग्नसराईचे ब्लाउज अडलेत, मला निघता येत नाही. नाही म्हणू नका.

तुमच्या होकाराकडे डोळे लावून,
माया

अकोला
९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. माया हिस,
जय भीम. येऊ द्या. कुत्रं आंगनात, अनुपराव समोरच्या खोलीत. पन त्यायले सांगजो, मी माह्या वक्तावर झोपतो अन् माह्या वक्तावर उठतो. माह्या खोलीत कोनी येऊ नये.
बाबा

अकोला
५ मार्च २०२४

चि. सौ. माया हिस,
तुह्या बाबाचा जय भीम. वि. वि.

काल अनुपराव अन् बोंड्या इथून निघाले. ऑपरेशनचं सारं त्यायनं तुले फोनवर सांगतलं असन. पन एक गोष्ट त्यायनं सांगतली नसन, हे मी लिहून देतो. थेच सांगाले बसलो. एकटी असशील तवा वाच.

ऑपरेशन तीन घंटे चाललं. बाकडं रिकामं होतं, पन हा मानूस दरवाज्यापाशी उभाच होता. कुत्रं घरी आनलं तवा आंगनात थंडी होती, म्हनून त्यायनं समोरच्या खोलीत त्याचं अंथरून केलं अन् सोता त्याच्याजवळ खाली झोपले. बोंड्याच्या गळ्यात थे प्लास्टिकचं नरसाळं. टाक्याले तोंड लावू नये म्हनून. पयले चार-पाच दिवस पानी गळतच होतं. ओलं झालं का थो मान खाली घाले. तुहा नवरा आधी त्याच्या डोक्यावर हात फिरवे अन् मंगच घडी बदले. पुसे, कोरडं करे, तेल लावे. एक डाव नाक दाबलं नाही का कपाळाले आठी नाही. अन् दुसऱ्या हातात मोबाइल, त्याच्यावर पोरायले गनित सांगून राहिले. मी खाटेवरून पायत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी तुही आई विहारात गेलती. मले समोरच्या खोलीतच खाटेवर झोप लागली. उठलो तं धोतर ओलं, चादर ओली.

आता तुले लिहितो. दोन वर्षांआधी माहं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तवा सारं चांगलं हाये असं आमी तुले सांगतलं. चांगलं नव्हतं. तवापासून मले हा तरास हाये. झोपेत कळत नाही. खोकललो तं जाते. तुह्या आईशिवाय कोनाले मालूम नाही, अन् तिले मी शपथ घातलती. तुह्याघरी मुक्काम करत नाही थो ह्याच्यासाठी. अनुपरावच्या रागानं नाही. तुले तसं वाटून राहिलं हे कळत होतं, पन ह्याच्यापेक्षा थेच बरं वाटे.

अनुपराव समोरच बसले होते. त्यायनं पायलं. मी भिंतीकडे तोंड केलं. ह्या मानसानं आता उठून जावं, एवढंच मनात होतं. थे उठले. दोरीवरची लुंगी अन् सुकी चादर आनून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. मंग बोंड्याले नरसाळ्यासकट उचललं, आंगनात गेले अन् दरवाजा लोटून घेतला. मी आवाज देईपर्यंत आत आले नाही.

संध्याकाळी त्यायनं माह्या हातात एक चिठ्ठी देल्ली. मले सांगाचं तं वरडून सांगा लागते, अन् मंग साऱ्या गल्लीले ऐकू जाते. म्हनून लिहून देल्लं. बोंड्याच्या गोळ्याच्या कागदाच्या पाठीमागं लिहिलं होतं की माझ्या वडिलांनाही ऑपरेशननंतर असंच झालं होतं, व्यायामानं आणि औषधानं पुष्कळ फरक पडला, उद्या आपण दोघं दवाखान्यात जाऊ. मी त्याच्याखाली लिहिलं, कुत्र्याच्या दवाखान्यात काय? वाचून थे इतके हासले का बोंड्या नरसाळ्यातून भुकाले लागला. मंग मीही हासलो. दोन वर्षांत ह्या गोष्टीवर पयल्यांदा हासलो, माया.

दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टरनं इचारलं, दोन वर्षं काहून बसले घरात? व्यायाम देल्ला, गोळी देल्ली, घालाची पॅडं देल्ली. अनुपराव रोज घडी बदलाच्या वक्ताले मले बोटं दाखवत, का एवढ्या डाव व्यायाम झाला पाहिजे. कमी केला तं मास्तरासारखे पायत. ह्या पाच-सहा दिवसांत दोन कोरडे गेले. डॉक्टर मनतात अजून फरक पडन.

लग्नाच्या वक्ती मी ह्या मानसाले नोकरी इचारली. दुसरं काईच इचारलं नाही. हे माह्या मनाले लागून राहिलं.

बुद्ध पौर्णिमेले आमी दोघं येतो. आठ दिवस राहीन. माह्या अंथरुनाखाली रेक्झिन टाकजो, लाजू नोको, मीही लाजनार नाही.

तुले अन् तुह्या घरधन्याले माही माया पोचो.
बाबा

राजापेठ, अमरावती
२ जून २०२४

ति. बाबांस,
मायाचा व अनुपचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय. तुमचं मार्चचं पत्र मी शिलाई मशीनवर बसून वाचलं होतं आणि त्या दिवशी एकही टाका घातला नव्हता. तुम्ही आलात, आठ दिवस राहिलात, सकाळी चादर आपल्या हातानं वाळत घातलीत आणि मला हाक मारून चिमटा मागितलात. आज लिहिते, मला तुमचा फार अभिमान वाटला.

बोंड्या छान आहे. दिवसा पट्टा लागत नाही. गाढ झोपला की अजून चार थेंब पडतात, तेवढ्यापुरता बांधतो. गोळी काही दिवस चालू ठेवायची आहे. जिना धुवायची गरज राहिलेली नाही, तरी अनुपना सवय लागली आहे. परवा किसनरावांनीच त्यांच्या हातून बादली घेतली आणि पुरे आता म्हणाले.

तुम्हाला एक सांगायचं आहे. परवा स्टँडवर तुम्ही गाडीत बसलात तेव्हा तुमचे जुने कंडक्टर श्रावणकाका भेटले. अनुप तुमची पाण्याची बाटली घेऊन खिडकीखाली उभे होते. तुम्ही काकांच्या कानाशी वाकून म्हणालात की माहा जवाई असा हाये का पोटच्या पोरानं करनार नाही थे त्यानं केलं, पन त्याले माह्या तोंडचं सांगजो नोको, डोक्यावर बसन. बाबा, तुम्हाला वाटलं तुम्ही हळू बोललात. शेजारच्या अकोटच्या गाडीतली माणसंसुद्धा वळून बघत होती.

अनुपनी बाटली तुमच्या हातात दिली, ऐकलंच नाही असा चेहरा केला आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. घरी आल्यावर दोरीवरून बोंड्याचा पट्टा काढला आणि धुवायला बसले. तो मी सकाळीच धुतला होता. मी सांगितलं नाही. बराच वेळ ते तो पट्टा धूत बसले होते.

आईला नमस्कार. व्यायाम चुकवू नका, मास्तर विचारतात. आमच्यावरची माया अशीच मोठ्यानं असू द्या.

तुमची,
माया